सीलखालचा आकडा

माझ्या दुकानातून दुरुस्त होऊन गेलेल्या कॉम्प्युटरवर सील नसतं. उमरग्यात हा धंदा करणारे बाकी सगळे लावतात. डब्याच्या स्क्रूवर एक चिकटपट्टी, तिच्यावर दुकानाचं नाव आणि खाली बारीक अक्षरांत 'सील तुटल्यास जबाबदारी आमची नाही'. मीही वीसेक वर्षं लावत होतो, आणि मोठ्या ऐटीत लावत होतो. आता लावत नाही. उलट डबा उघडला की आतल्या पत्र्यावर काळ्या मार्करनं ठळक लिहून ठेवतो, की यात काय काय बसवलंय आणि पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे. नव्या गिऱ्हाइकाला हे चमत्कारिक वाटतं. इथल्याच एका डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "असं सगळं लिहून ठेवलं तर उद्या कुणीही उघडून दुरुस्त करील की. मग तुमचं काय राहिलं?"

"निवांत सांगतो कधीतरी," असं मी त्यांना म्हणालो होतो. तो निवांतपणा काही मिळाला नाही. आता दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा असा निरोप आला, तर आधी वाटलं की आपली शाबासकीची चार प्रकरणं लिहून मोकळं व्हावं. तशी आहेतही माझ्याकडे. पण लिहायला बसलो आणि पहिल्या ओळीलाच सील आलं. त्यामुळे डॉक्टरसाहेब, हे तुमच्यासाठीही आहे असं समजा.

माझं दुकान बस स्टँडच्या मागच्या बाजूला, हायवेकडे जाणाऱ्या रस्त्यावर. सुरुवात रेडिओ आणि टेपरेकॉर्डरपासून केली, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. गिऱ्हाईक निम्मं इकडचं, निम्मं सीमेपलीकडचं, कर्नाटकातलं. त्यामुळे माझा पहिला प्रश्न तीन भाषांत तयार असतो: काय झालं, क्या हुआ, एनाय्तु. उत्तर मात्र तिन्ही भाषांत एकच येतं. "काही केलं न्हाय, आपोआप बंद पडलं." इतक्या वर्षांत 'मी केलं' म्हणणारं एकही गिऱ्हाईक मला भेटलेलं नाही. पंख्यात पालीचं शेपूट अडकलेलं असतं, आत वर्षाचा कापूस साठलेला असतो, चहा सांडून वाळलेला असतो, पण सगळं आपोआप.

म्हणून मी दुसरा प्रश्न विचारतो, आणि खरा प्रश्न तोच: "बंद पडायच्या आधी काय बदललं?" चालू असलेलं यंत्र उगाच रुसत नाही. नवीन काही आत बसवलं, जुनं काही काढलं, जागा बदलली, काहीतरी झालेलं असतं. मग आमचं काम सुरू होतं, आणि बाहेरच्या माणसाला ते फार हुशारीचं वाटलं तरी ते मुळात कंटाळ्याचं काम आहे. आतली एक वस्तू काढायची, चालवून बघायचं. ती परत लावायची, दुसरी काढायची, पुन्हा चालवून बघायचं. एका वेळी एकच. दोन वस्तूंना एकदम हात लावला की कुणामुळे काय झालं ते कळत नाही. आमच्या धंद्यातली निम्मी अक्कल या 'एका वेळी एकच' मध्ये आहे आणि उरलेली निम्मी दम धरण्यात.

या प्रश्नानं मला एकदा मोठं नाव मिळवून दिलं. माकणीचे एक रिटायर्ड गुरुजी होते. गावाची माहिती कॉम्प्युटरवर टाइप करत बसायचे. त्यांनी जागा पुरेना म्हणून नवी हार्ड डिस्क बसवून घेतली आणि महिन्याभरात मशीन सारखं अडकायला लागलं. डिस्क बदलून दिली, पुन्हा तेच. दुकानात आणलं की चालायचं, माकणीला नेलं की बंद. शेवटी मी त्यांच्या घरी गेलो. डब्याला हात लावला तर बोटांना बारीक झिणझिण्या. काकूंनी चहा आणला, तेव्हा मी त्यांनाच विचारलं, "काकू, महिन्या-दीड महिन्यात घरात काय बदललं?"

"काय बदलणार बाबा?" त्या म्हणाल्या. "अंगणात फरशी घातली तेवढीच."

त्या फरशीखाली घराच्या अर्थिंगचा खड्डा होता. विजेच्या तारांतून इकडे-तिकडे झिरपणारा करंट जमिनीत जावा म्हणून घराजवळ खड्डा करून मीठ-कोळशात एक पट्टी पुरलेली असते. ती जागा ओली राहिली पाहिजे. फरशी घालायच्या आधी काकू रोज धुण्याचं पाणी तिथंच ओतायच्या. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, तिथं एक जास्वंदीचं झाड होतं म्हणून. फरशी झाली, झाड गेलं, पाणी थांबलं आणि एप्रिलात माती खडखडीत वाळली. मी एक फरशी काढायला लावली, काकूंनी दोन बादल्या पाणी ओतलं आणि मशीन सुरळीत झालं. गुरुजींनी ही हकीकत लोहाऱ्यापर्यंत सांगितली. मीही दहा वर्षं येईल त्याला सांगत होतो. ऐकणारा माणूस मान डोलवायचा आणि माझी मान जरा ताठ व्हायची. हे इथं सांगायचं कारण एवढंच, की पुढचं सगळं करताना मला हे माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर, हायवेला लागून गफारभाईंचं रेडिएटर दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर एखाद्या ट्रकचं इंजिन तापलं तर त्याला गफारभाईंकडे यावंच लागतं. माणूस कमी बोलणारा, हाताचा पक्का. सगळं गाव मला 'सर' म्हणतं, कारण कॉम्प्युटरवाला म्हणजे सर. गफारभाई मला 'मिस्त्री' म्हणतात. मला तेच जास्त आवडायचं. आमची दोस्ती जाण्या-येण्याची नव्हती, पण एकमेकांच्या कामाची कदर होती. त्यांच्या वर्कशॉपचा एक नियम मला फार पटायचा. ड्रायव्हरनं वाटेत स्वतः रेडिएटर खोलून काही खटपट केली असेल तर ते त्या गाडीला हात लावायचे नाहीत. "आधी खोलायचं, मग मिस्त्रीकडं यायचं. मंग मिस्त्री कशाला ठिवला?" असं म्हणायचे.

त्यांची मुलगी नीलोफर. सोलापुरात सिव्हिलचा डिप्लोमा करून आलेली. घरी बसून घरांची चित्रं करायची. म्हणजे हातानं नव्हे. ज्याला घर बांधायचंय त्याला नकाशा कळत नाही, म्हणून घर पुढून कसं दिसेल, खिडकीतून ऊन कसं पडेल, जिन्याला कठडा कसा शोभेल, याचं हुबेहूब फोटोसारखं चित्र कॉम्प्युटरवर तयार करून द्यायचं. आमच्याकडे त्याला एलिव्हेशन म्हणतात. उमरग्यातले दोन-तीन ठेकेदार तिच्याकडून करून घ्यायचे आणि पाच वेळा रंग बदलायला लावायचे. तिचं मशीन मीच जोडून दिलेलं होतं, कॉलेजात असताना. वर माझं सील होतंच.

एक दिवस तिचा फोन आला. दुकानात गर्दी होती, माझ्या एका हातात सोल्डरिंगची गन.

"काका, सोलापूरच्या एका इंजिनिअरच्या ऑफिसनं काम दिलंय. एका बंगल्याची सहा चित्रं. आवडली तर दर महिन्याला काम देतो म्हणालेत, इथं घरी बसूनच. पण माझं मशीन लई हळू चालतंय. ग्राफिक कार्ड आणि रॅम वाढवायची म्हणतीय. तर आपल्या मशीनचा पॉवर सप्लाय किती वॅटचा हाय?"

पॉवर सप्लाय म्हणजे डब्यातला तो चौकोनी खोका, जो भिंतीतल्या विजेतून आतल्या प्रत्येक भागाला हवी तेवढी वीज वाटून देतो. त्याची ताकद वॅटमध्ये मोजतात. आत नवीन काही बसवायचं तर आधी हा आकडा बघायचा असतो. पोरीनं अगदी बरोबर जागी बोट ठेवलं होतं.

"साडेचारशे," मी म्हणालो.

"नक्की ना काका? मी उघडून बघितलं असतं, पण वर तुमचं सील हाय."

"अगं, मीच जोडलंय ना? साडेचारशेच. सामान आलं की दुकानात आण, मी बसवून देतो."

झालं एवढंच. अर्धं मिनिटही नसेल. फोन ठेवल्यावर मला त्याची आठवणसुद्धा राहिली नाही.

सामान तिनं ऑनलाइन मागवलं. ते आलं तेव्हा मी मेहुण्याच्या वास्तुशांतीसाठी भूमला गेलो होतो आणि दुकान तीन दिवस बंद होतं. तिच्याकडे दिवस मोजके होते. पुढच्या सोमवारी सकाळी चित्रं सोलापूरला पोचायला हवी होती. तिनं दोन दिवस वाट बघितली आणि मग सील कापून स्वतःच कार्ड आणि रॅम बसवली. मशीन सुरू झालं, सगळं छान दिसलं. चित्र तयार करायला लावलं की मात्र दहा-पंधरा मिनिटांत पडदा काळा व्हायचा आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. चित्र तयार होतं तेव्हा कार्डाला सगळ्यात जास्त वीज लागते. तिनं सात-आठ वेळा करून पाहिलं. दर वेळी तेच.

बुधवारी मी दुकान उघडलं तेव्हा बाप-लेक दारात उभे होते. गफारभाईंनी डबा स्वतः उचलून आणला होता. मी तो टेबलावर घेतला आणि पहिल्यांदा मला दिसलं ते कापलेलं सील.

खरं सांगतो, माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एक तर सामान माझ्याकडून न घेता ऑनलाइन घेतलं, वर माझं सील कापलं. "कुणी उघडलं?" मी विचारलं.

"मी, काका," नीलोफर म्हणाली. इतक्या वर्षांतलं 'मी केलं' म्हणणारं ते पहिलंच गिऱ्हाईक होतं, आणि तेही माझ्या ध्यानात आलं नाही. वर मी सुरुवातीला तुम्हाला सांगूनही गेलो की असं कुणी भेटलंच नाही. सवयीनं बोललो, ते खरं नव्हतं.

तिनं मला एकेक गोष्ट नीट सांगितली. कधी बंद पडतं, किती मिनिटांनी, आधी पंखा जोरात फिरतो का. एवढं स्वच्छ वर्णन मला भलेभले देत नाहीत. मी ऐकल्यासारखं केलं. "सोमवारपर्यंत पायजे काका," ती जाताना म्हणाली.

आणि मग मी काय केलं? कार्ड आणि रॅम, दोन्ही एकदम काढली. जुनी रॅम लावली. मशीन दोन दिवस चालू ठेवलं, एकदाही बंद पडलं नाही. माझ्या दृष्टीनं निकाल लागला. नवी वस्तू आत असताना बंद पडतं, काढल्यावर चालतं, म्हणजे नवी वस्तू खराब. बंद पडायच्या आधी काय बदललं हे मला ठाऊक होतं, पण त्या बदलानं बाकीच्या कुणावर ओझं आलं, हे मी विचारलंच नाही. माकणीच्या अंगणात जे सुचलं ते स्वतःच्या टेबलावर सुचलं नाही. सुचू दिलं नाही म्हणा. मला त्या ऑनलाइन आलेल्या खोक्यांचीच चूक काढायची होती.

शुक्रवारी ते दोघं आले तेव्हा दुकानात गिऱ्हाइकं होती. मी काढलेलं सामान पुढ्यात ठेवलं आणि म्हणालो, "हे खराब आहे. आणि गफारभाई, असं घरी उघडायचं नसतं. हातातल्या स्थिर विजेनंसुद्धा नाजूक भाग जातो. बसवतानाच गेलं असणार."

शेवटचं वाक्य मी का बोललो? मला तसं दिसलेलं नव्हतं. मी काही तपासलं नव्हतं. ते निव्वळ त्या कापलेल्या सीलचं उत्तर होतं.

"काका, मी आधी लोखंडाला हात लावून मगच बसवलं," नीलोफर म्हणाली. "आणि माझा हिशेब बरोबर होता. तुमीच तर..." एवढं बोलून तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती गप्प झाली. मला वाटलं, बोलायला काही उरलं नसेल.

गफारभाई तिच्याकडे वळले. "नीलू, मिस्त्रीनं सांगितलं ना? खतम. ड्रायव्हरनं गाडी खोलली की असंच होतंय." मग मला म्हणाले, "मिस्त्री, हे सामान तुमीच परत पाठवायचं बघा. आता ती हात लावणार न्हाय."

डबा वडिलांनी उचलला आणि ती मागून गेली. तिच्या वडिलांनी तिच्यावर अविश्वास दाखवला असं कुणी म्हणू नये. त्यांनी माझ्यावर विश्वास दाखवला. एका मिस्त्रीनं दुसऱ्या मिस्त्रीचा शब्द उलटून तपासायचा नाही, ही त्यांची रीत होती, आणि मला ती आवडायची म्हणून मागे सांगितलंच आहे.

पुढच्या मंगळवारी मी ते सामान परत पाठवायला काढलं. परत घेणारे विचारतात, नेमकं काय बिघडलं. लिहायला काहीतरी हवं म्हणून कार्ड माझ्या दुकानातल्या मशीनमध्ये बसवलं आणि त्याला दमवणारं काम लावून दिलं. तासभर चाललं. दुपारपर्यंत चाललं. मग रॅम लावली. दोन्ही मिळून संध्याकाळपर्यंत चाललं, पडदा एकदाही काळा झाला नाही. मी खुर्चीत बसून त्या पडद्याकडे बघत होतो. चांगल्या चालणाऱ्या मशीनची इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

सामान ठीक, तिची जोडणी ठीक. मग उरतं काय? वीज पुरत नसणार. आणि तेव्हा मला तो फोन आठवला. साडेचारशे. मी तो आकडा कुठून आणला होता? तिचं मशीन जोडलं त्या वर्षी माझ्याकडे दोन प्रकारचे डबे यायचे. एकात साडेचारशेचा सप्लाय असायचा, दुसऱ्यात कमी ताकदीचा. तिच्या डब्यात कोणता गेला, मला आठवत नव्हतं. फोनवरही आठवत नव्हतं. पण 'आठवत नाही' हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही, कारण मशीन मी जोडलं होतं.

बुधवारी सकाळी पिशवीत कार्ड, रॅम आणि एक नवा पॉवर सप्लाय घेऊन मी गफारभाईंच्या वर्कशॉपवर गेलो. चार पावलांचा रस्ता, पण दोनदा परत फिरावंसं वाटलं. तिथं दोन ट्रकवाले बसलेले, कामावरची माणसं, गफारभाई रेडिएटरच्या जाळीवर वाकलेले. बाजूला बोलावून सांगता आलं असतं. पण पोरीला मी चारचौघांत, माझ्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर दोषी ठरवलं होतं. म्हणून उभ्या उभ्याच म्हणालो, "गफारभाई, माझं चुकलं. सामान चांगलं आहे. नीलोफरनं काही बिघडवलेलं नाही. मी नीट न तपासता बोललो."

ते सरळ उभे राहिले. फडक्यानं एकेक बोट पुसलं. बराच वेळ पुसलं. एक ट्रकवाला हसला, त्याच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं तसा तो उठून बाहेर गेला.

"चला घरी," एवढंच ते म्हणाले.

घर वर्कशॉपच्या मागच्या गल्लीत. नीलोफर दारातच होती. मी तिला सगळं सांगितलं, जसं वडिलांना सांगितलं तसंच. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "काका, सोमवार गेला. जुन्या सामानावर मशीन एक-एक चित्राला दीड दिवस घेत होतं. दोनच झाली. त्यांनी काम दुसऱ्याला दिलं."

मी पिशवीतून नवा सप्लाय काढला आणि डब्याकडे वळलो, कारण हात रिकामे असले की मला उभं राहता येत नाही. तेवढ्यात गफारभाई मध्ये आले.

"मिस्त्री, तुमी नका लावू," ते म्हणाले. "तिला खोलू द्या."

तिनं डबा उघडला. आत पॉवर सप्लायवर माझ्या दुकानाचं मोठं स्टिकर होतं. कुणी आतला भाग बदलू नये म्हणून मी प्रत्येक भागावर एक चिकटवायचो. घाईत चिकटवलेलं, बरोबर कंपनीच्या लेबलावर. तिनं नखानं एक कोपरा उचलला आणि सावकाश सोलत नेलं. खाली छापलेलं होतं: अडीचशे.

तिनं टेबलावरची वही उघडली आणि माझ्यापुढे केली. एका पानावर तिनं हिशेब मांडला होता. प्रोसेसरला एवढे वॅट, कार्डाला एवढे, डिस्कला, पंख्यांना, सगळं सुवाच्य अक्षरात. बेरीज दोनशे चाळीस. त्याखाली लिहिलं होतं, 'सप्लाय ४५०, काकांनी सांगितलं. भरपूर हाय.' आठ वर्षं चालून थकलेल्या अडीचशेच्या खोक्यावर तिनं दोनशे चाळीसचं ओझं टाकलं होतं, माझ्या शब्दावर. त्या शुक्रवारी 'तुमीच तर' म्हणून ती थांबली होती, ते इथं थांबली होती. वडिलांसमोर, त्यांच्या वयाच्या माणसाला खोटं पाडायला नको म्हणून. मला इतकी लाज आयुष्यात वाटलेली नाही.

गफारभाईंनी वही हातात घेतली. त्यांना आकडे चांगले कळतात. ते पान त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचलं. "तू त्या दिवशी का न्हाय बोललीस बेटा?" त्यांनी विचारलं.

"तुमी म्हणला ना अब्बा, खतम."

त्यांनी वही मिटून ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही. "सील बघितलं मी," ते म्हणाले. "तिला इचारलंच न्हाय."

नीलोफरनं जुना खोका काढला आणि नव्यासाठी हात पुढे केला. मी तो देत होतो तेवढ्यात तिनं विचारलं, "हा किती वॅटचा, काका?"

जिभेवर आकडा आला होता. सकाळीच मी तो खोका कपाटातून काढून आणला होता. तरी मी खोका उलटा केला, खिशातला चष्मा लावला आणि लेबल वाचून सांगितलं, "साडेपाचशे." तिनं वहीत लिहून घेतलं. 'काकांनी सांगितलं' असं या वेळी लिहिलं नाही.

मग ती बसवायला लागली. आत अंधार असतो म्हणून गफारभाईंनी टॉर्च धरला. एक वायर कुठली ते तिला क्षणभर कळेना, तेव्हा माझा हात पुढे गेला आणि मी तो मागे घेतला. तिला सापडली. इतकी वर्षं हाताला ग्रीस आणि सोल्डरिंगची राळ लागलेले आम्ही दोन मिस्त्री त्या पोरीच्या मागे उभे राहून बघत होतो. ती घाई करत नव्हती. कार्ड लावलं, चालवून बघितलं. बंद केलं, मग रॅम लावली, पुन्हा चालवून बघितलं. एका वेळी एकच.

"आता कायतरी मोठं लावून बघ," मी म्हणालो.

तिनं त्या बंगल्याचंच राहिलेलं चित्र लावलं. पडद्यावर चौकोन-चौकोन करून घर उमटायला लागलं. आधी आभाळ, मग गच्चीचा कठडा, मग दाराच्या दोन्ही बाजूंच्या कुंड्या. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. आमच्यापैकी कुणी खुर्चीत बसलं नाही. पंखा जोरात फिरत होता आणि पडदा काळा होत नव्हता. वीस-बावीस मिनिटांनी चित्र पुरं झालं. ओसरीवर सकाळचं ऊन पडलेलं होतं आणि खांबाची सावली पायरीवरून मोडून खाली आली होती, खऱ्या पायरीवर येते तशी.

गफारभाई वाकून बघत होते. मुलगी दिवसभर त्या खोलीत काय करते हे त्यांनी याआधी कधी इतक्या जवळून पाहिलं नसावं.

"हे तू केलंस?" त्यांनी विचारलं.

"हौ अब्बा."

"मंग पाठव की त्यांना. बघतील तरी."

"अब्बा," ती म्हणाली, "हे सोमवारी पायजे होतं."

बाहेर लख्ख दुपार होती, डब्याचं काम कधीच संपलं होतं, आणि गफारभाईंच्या हातातला टॉर्च तसाच चालू होता.